टोकियोची ऑफर आलीय, पण तिथं मिसळता येतं का?

भाकरवडी_डेव्ह

पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये बॅकएंडला आहे, जावा-स्प्रिंग, सहा वर्षं झाली. टोकियोतल्या एका मध्यम कंपनीची ऑफर हातात आहे. जपानी भाषेच्या परीक्षेची एन-फोर पायरी पास (एन-फाइव्ह सगळ्यात सोपी), डिसेंबरात एन-थ्री दिली, निकाल यायचाय. टीममध्ये सगळं जपानीतच चालतं. "हळूहळू जमेल," असं मुलाखतीत म्हणाले.

पगार आणि व्हिसा याबद्दल विचारत नाहीये, त्यावर भरपूर वाचून झालंय. माझा प्रश्न वेगळा आहे. एक सिनियर म्हणाला, "दहा वर्षं राहिलास तरी जपानी माणूस घरात घेत नाही." खरं आहे का हे? बायको इथं बँकेत आहे, नोकरी सोडून सोबत येणार. ती शाकाहारी, मी अंडं खातो. आईचा एकच घोषा: "तिकडं काही झालं तर कोण बघेल?"

---

सांगलीचा_सान

वयाने मोठा असणार म्हणून अरे-तुरे करतोय, चालवून घे. २०१२ मध्ये आलो. चार वर्षं निशिकासाई, म्हणजे टोकियोतली आपल्या लोकांची वस्ती, तेव्हापासून शेजारचं कावासाकी शहर.

"घरात घेत नाहीत" हे शब्दशः खरं. माझ्या टीम लीडचं घर मी आजवर पाहिलेलं नाही. पण त्याच्या शेजारी वीस वर्षं बसणाऱ्या माणसानेही पाहिलेलं नाही! इथं कुणी कुणाकडे जातच नाही, बोलणं-बसणं सगळं बाहेर. आपण उगाच वाईट वाटून घेतो.

एन-थ्रीचं फार मनावर घेऊ नकोस. त्या परीक्षेत तोंड उघडायचंच नसतं, नुसते गोळे काळे करायचे. घोळ होतो तो वेगळ्याच ठिकाणी. माझा सांगतो.

पाचवा महिना असेल. एका रात्री दुसऱ्याच्या मॉड्यूलमध्ये तारखेचा बग दिसला. महिनाअखेर ३१ ला असली की एक दिवस गळायचा. पुण्याची सवय: दिसला, दुरुस्त केला, टेस्ट चालवल्या, ढकलून दिला. उद्या शाबासकी, या खुशीत झोपलो. सकाळी एका खोलीत बोलावलं. समोर पाच जण. आवाज कुणी चढवला नाही. फिरून फिरून एकच प्रश्न: "हे करायचं कुणी ठरवलं?" दुरुस्ती बरोबर आहे हे पाचही जणांनी मान्य केलं, आणि मागे घेतली. मग मी दोन पानं लिहून दिली. काय घडलं, कशामुळे, पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार. तीच दुरुस्ती तीन आठवड्यांनी रीतसर गेली, एक्सेलमध्ये तपशील वाढवून आणि प्रत्येक स्क्रीनचा फोटो पुरावा म्हणून चिकटवून. कोड ओळ न् ओळ माझाच.

त्या दिवशी 'होउरेनसोउ' हा शब्द डोक्यात शिरला. होउकोकु, रेनराकु, सोउदान. म्हणजे कळव, संपर्कात राहा, विचारून घे. नव्या पोरांना पहिल्याच आठवड्यात हे शिकवतात. मलाही शिकवलं होतं, पण पालकालाही जपानीत होउरेनसोउच म्हणतात, त्यामुळे मला वाटलं जेवणाचं काहीतरी चाललंय. तर, काम अडलं की आठ दिवस आधी "अडलंय" म्हणायचं. आपण काय करतो, लपवून ठेवतो आणि शेवटच्या रात्री जागून ओढून नेतो. इथं त्या जागण्याचं कुणाला कौतुक नाही, उलट सगळ्यांच्या पोटात गोळा येतो.

अजून एक. तुझ्या सूचनेवर कुणी "केंतोउ शिमासु", विचार करतो, असं म्हणालं तर वाट बघू नकोस. मुलगी बघून गेलेले लोक "कळवतो" म्हणतात ना, तेच ते. आणि तू बोलत असताना समोरचा "हाय, हाय" करत राहिला तरी तो होकार नव्हे, आपला हुंकार आहे.

भाषेचं म्हणशील तर मराठी माणसाला एक फायदा आहे. क्रियापद शेवटी, प्रत्यय नामाच्या मागे. 'नो' म्हणजे सरळ आपला चा-ची-चे. आणि वाक्याच्या शेवटी येणारा तो 'ने', "सामुइ देसु ने", म्हणजे "थंडी आहे ना". मी तो 'ना' च्याच सुरात म्हणतो, चालून जातं.

आता कचरा. हसू नकोस. कावासाकीला आलो त्या पहिल्या महिन्यात माझी पिशवी तिथंच राहिली, वर स्टिकर चिकटवून. तळमजल्यावरच्या आजी, पंच्याहत्तरीच्या, हातमोजे घालून आल्या. पिशवीतून बाटली काढली, झाकण फिरवून वेगळं केलं, वरचा प्लास्टिकचा पट्टा सोलला, बाटली माझ्या हातात दिली. एक शब्द नाही. माझं तोंड असं झालं की विचारू नकोस. दुसऱ्या दिवसापासून गाडी गेल्यावर कावळ्यांसाठी टाकलेली जाळी घडी करून ठेवायला लागलो. कुणी सांगितलं नव्हतं. तीन वर्षं नुसतं सकाळचं "ओहायो गोझाइमासु", म्हणजे सुप्रभात, पुढं काही नाही.

मग १२ ऑक्टोबर २०१९. त्या दिवशीचं हागिबिस वादळ, इथले लोक त्याला नुसतं 'एकोणीस नंबर' म्हणतात. तामागावा नदी आमच्यापासून दहा मिनिटांवर. धोक्याच्या सूचनांनी फोन सारखे कोकलत होते, त्यातली निम्मी कांजी, म्हणजे चिनी वळणाची अक्षरं, मला वाचता येत नव्हती. बायको आणि मी खिडकीतून बघत बसलेलो. बेल वाजली. दारात आजी, डोक्यावर टोपी, पाठीला पिशवी. "अजून इथंच? शाळेत जायचंय, चला." नवऱ्याचा हात धरून त्या पुढं, आम्ही मागं. शाळेच्या हॉलमध्ये त्यांनीच आमची नावं लिहून घ्यायला लावली. आमच्या बिल्डिंगला पाणी लागलं नाही, पण कावासाकीत बऱ्याच घरांत शिरलं.

त्यांच्या घरात मी आजही गेलेलो नाही. दारातच बोलतो.

जाता जाता, नावाचं आत्ताच बघून घे. पासपोर्टवर आपल्या नावापुढं वडिलांचं नाव असतं. माझ्या बँकेच्या फॉर्मवर काताकानात, म्हणजे परदेशी नावांसाठीच्या जपानी लिपीत, आडनाव, नाव, वडील असं सगळं गेलं, कंपनीने वडिलांना गाळलं. पहिला पगार परत! काताकाना एकदा ठरव आणि सगळीकडे तोच लिही.

---

हाकाताकर

सान काका, तुमचं जपान जरा जुनं वाटतं. मी फुकुओकात आहे, टीममध्ये इंग्रजी चालतं, पुल रिक्वेस्टवर, म्हणजे तपासायला टाकलेल्या कोडवर, भांडणंसुद्धा इंग्रजीत. एक्सेलमध्ये फोटो मी आयुष्यात चिकटवलेला नाही. विमानतळावरून मेट्रोने दुसरं स्टेशन हाकाता, पाच-सहा मिनिटांत घरी. टोकियोच हवं असा हट्ट का? डेव्ह, अशी कंपनी शोध, मिसळायचं टेन्शनच नको.

---

मुक्काम_ग्योतोकु

नवऱ्याबरोबर आले, आता आठ वर्षं. इथं सगळे ऑफिसचंच बोलताय, म्हणून लिहिते.

डेव्ह, तुला सकाळी ऑफिस आहे. बायकोला काय आहे? डिपेंडंट व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या जोडीने आल्यावर, वेगळी परवानगी काढली तरी आठवड्याला २८ तासच काम करता येतं. बँकेतली नोकरी सोडून येणाऱ्या बाईला हे आधी माहीत हवं, विमानात बसल्यावर नाही. मी पहिली दोन वर्षं निशिकासाईत काढली. डाळ मिळते, पोळीचं पीठ मिळतं, गणपती होतात, शेजारीण हिंदी बोलते. कुणी नावं ठेवली तरी त्या दोन वर्षांत त्याच शेजारणीने मला सावरलं. पण जपानी शब्द एक आला नाही. वॉर्ड ऑफिसच्या आधाराने निवृत्त लोक जपानीचे वर्ग घेतात, पैसे नावाला. तिला पहिल्याच महिन्यात तिकडे घाल.

खाण्याचं: "निकु नाशि", मांस नको, एवढ्याने भागत नाही. हॅम आणि बेकन त्यात धरत नाहीत. आणि सूप, सॉस, उकडलेली भाजी, सगळ्यात माशाचं पाणी. एकदा पुढ्यात भाजी आली, वर कात्सुओबुशीच्या, म्हणजे वाळवलेल्या माशाच्या, पापडीसारख्या चकत्या वाफेने हलत होत्या. माझ्या सासूबाई उठून बाहेर गेल्या.

आईंना सांग, दवाखान्यात विम्यावर तीस टक्के आपण भरायचे. लेकराला रात्री ताप भरला तर #८००० वर नर्स किंवा डॉक्टर सांगतात, आत्ता न्यायचं की सकाळी. मी चार वेळा लावलाय.

---

सांगलीचा_सान

हाकाताकर, जुनं तर जुनं. तुझ्या कंपनीसारख्या कंपन्या आता आहेत, मान्य. पण गीझर बंद पडल्यावर येणारा माणूस पुल रिक्वेस्ट वाचत नाही रे. मागच्या हिवाळ्यात तूच इथं धागा काढला होतास, "गरम पाण्याच्या यंत्रावर एरर येतोय, कुणी वाचून देईल का?"

डेव्ह, एक राहिलं. रहिवासी कर आदल्या वर्षीच्या कमाईवर लागतो. पहिल्या वर्षी कापत नाहीत, म्हणून हात सैल सुटतो. दुसऱ्या वर्षीच्या जूनपासून करपात्र कमाईच्या साधारण दहा टक्के पगारातून जायला लागतात, तेव्हा लोक एचआरला विचारतात की चूक झाली का.

---

भाकरवडी_डेव्ह

सगळ्यांचे आभार. ग्योतोकुताई, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचायला दिला. २८ तासांचं मलाच माहीत नव्हतं. ती म्हणते, मी आधी जावं, तिने सहा महिने बिनपगारी रजा मागून बघावी, तोवर इथं एन-फाइव्हचा क्लास लावावा. आज संध्याकाळी कंपनीला मेल टाकून विचारतोय की टीममध्ये कामाचा तपशील कोण ठरवतं आणि नव्या माणसाने कुणाला विचारायचं.

आईने धागा वाचला. तिचा प्रश्न: गोडा मसाला आणि कढीपत्ता नेता येतो का?

---

मुक्काम_ग्योतोकु

मसाला खुशाल आण, घट्ट बांधून. कढीपत्ता नको, ताजी पानं विमानतळावर काढून घेतात.