वनहक्क दावा नामंजूर, पत्र हाती आलं दोन वर्षांनी. अपिलाची मुदत गेली का?

नमस्कार मंडळी,

गडचिरोलीच्या दक्षिणेकडचं आमचं गाव. मामांचा वैयक्तिक वनहक्क दावा होता, म्हणजे कसत असलेल्या वनजमिनीचा पट्टा नावावर मिळावा म्हणून. जेमतेम दोन एकर धानाची बांधी. ग्रामसभेने ठराव करून वर पाठवला, उपविभागीय समितीने नामंजूर केला. आम्हाला कळलं मागच्या आठवड्यात, तेही दुसऱ्याच कामाला गेलो असताना यादी दिसली म्हणून. प्रत मागितली तर तारीख दोन वर्षांपूर्वीची. छापील नमुना, कारणाच्या रिकाम्या जागेत निळ्या पेनाने तीन शब्द: 'उपग्रह नकाशात नाही'. पत्र गावात आलंच नाही. आलं असतं तरी मामांना माडिया सोडून काही येत नाही, वाचणार कोण?

गंमत म्हणजे त्यांच्याकडे वनखात्याचीच 1994 ची अतिक्रमणाच्या दंडाची पावती आहे. बिस्किटाच्या डब्यात, घडीवर फाटलेली. दंड घेताना शेती दिसली, पट्टा देताना दिसेना! दाव्याला ती जोडली होती का, मामांना आठवत नाही.

अपिलाला 60 दिवस असतात म्हणे. गेले का? वकील परवडणारा नाही. जिल्ह्याचं ठिकाण पार उत्तरेकडे, एका खेपेत दोन दिवसांची मजुरी बुडते. नाला चढला की तेही नाही.

प्रतिसाद 1

दादा, मुदत गेली असं समजू नका. 2012 च्या सुधारित वनहक्क नियमांप्रमाणे नामंजुरी दावेदाराला स्वतः कळवावी लागते आणि 60 दिवस कळवल्यापासून धरतात. वर 30 दिवस समिती वाढवू शकते. उपग्रह नकाशा हा फक्त पूरक पुरावा, एकट्या त्याच्यावर दावा फेटाळता येत नाही. जिल्हास्तरीय समितीकडे अपील करा. पावती जोडा, सोबत गावातल्या दोन म्हाताऱ्यांचे लेखी जबाब. मामा आदिवासी, त्यामुळे 1987 च्या विधी सेवा कायद्याखाली वकील फुकट, उत्पन्नाची अट नाही. तालुका विधी सेवा समितीत अर्ज द्या, नाहीतर 15100 ला फोन करा.

धागाकर्ता

आभार! पण मिळालेली प्रत नुसती झेरॉक्स आहे, कधी दिली याची नोंद कुठेच नाही.

प्रतिसाद 2

मग आजच नामंजुरीच्या प्रतीसाठी लेखी अर्ज टाका आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेचा आवक शिक्का घ्या. त्या शिक्क्याशिवाय परत येऊ नका.