१,०८,००० किमी चाललेली ई६० एम५, घ्यायची की सोडायची?

लांबपल्ला:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा विचारतोय कारण माझं डोकं चालेनासं झालंय. बीएमडब्ल्यू एम५, ई६० बॉडी (त्या पिढीच्या ५ सीरिजचा कंपनीचा कोड), २००७ ची, १,०८,००० किमी झालेत, तिसरा मालक विकतोय. तीच ती ५ लिटरची व्ही१०, ५०७ हॉर्सपॉवर, सात गिअरचा एसएमजी (क्लच मशीनच दाबतं असा गिअरबॉक्स). मागतोय किती, तर एका नव्या साध्या फॅमिली सेडानला लागतील तेवढेच, आणि नेमकं तिथेच मन अडकलंय.

काल चालवून बघितली. सुरुवातीला शांत, मोठी, जरा जडच वाटली, आई आणि दोन्ही मुलं मागे आरामात बसतील अशी. मग मालकाने स्टिअरिंगवरचं एम बटण दाबायला सांगितलं, गाडी सुरू होते तेव्हा ४०० हॉर्सपॉवरवरच असते आणि बाकीचे मागून घ्यावे लागतात हे मला माहीतच नव्हतं. मोकळा रस्ता होता, दुसऱ्या गिअरमध्ये आरपीएमचा काटा ८ हजाराच्या पुढे गेला आणि जो आवाज आला त्याने अंगावर काटा आला. रात्री झोपेतही तोच आवाज.

आता अडचण अशी की फाइलमध्ये बिलं फक्त चार आहेत आणि ७१,००० ते ९८,००० च्या मध्ये काहीच कागद नाही. इंजिनच्या बेरिंगबद्दल विचारलं तर म्हणाला, काही वाजत नाहीये म्हणजे चांगलीच आहेत. रोजचा ऑफिसचा रस्ता जाऊन येऊन ४० किमी, तो बराचसा ट्रॅफिकमधला. सध्याची हॅचबॅक विकून हीच एक गाडी ठेवायचा विचार आहे. ज्यांनी अशी गाडी सांभाळली आहे त्यांनी खरं काय ते सांगा, पंधरा वर्षं या गाडीचे फोटो बघतोय, त्यामुळे माझं मत निष्पक्ष नाहीये हे मलाही कळतंय.

दहा_सिलिंडर:
सहा वर्षांपासून हीच गाडी आहे माझ्याकडे, म्हणून सविस्तर लिहितो. आधी आनंदाची बातमी, तुम्हाला जे वाटलं ते खोटं नाहीये. सहा वर्षांनंतरही बोगदा आला की मी काच खाली करतो. दहा सिलिंडरला दहा वेगळे थ्रॉटल (हवा आत सोडणाऱ्या झडपा), त्यामुळे पाय हलला की इंजिन तिथल्या तिथे उत्तर देतं, आत्ताच्या टर्बो गाड्या जास्त वेगाने पळतात पण हे असं बोलत नाहीत.

आता बाकीचं. विकत घेताना तुम्ही जुन्या गाडीचे पैसे देता पण पार्ट घ्यायला गेलात की ती नवी असतानाच्या दर्जाचेच पैसे द्यावे लागतात, पुढची ब्रेक डिस्क ३७४ मिमीची आहे, ती काय गाडी जुनी झाली म्हणून लहान होत नाही. टायर पुढे २५५ आणि मागे २८५, म्हणजे पुढचे मागे टाकून आयुष्य वाढवायची सोयच नाही. टाकी ७० लिटरची, कंपनीचा कागदावरचा आकडा १०० किमीला १४.८ लिटर आणि ट्रॅफिकमध्ये २० च्या वर कधी जातं ते कळत नाही, त्यामुळे ३२५-३५० किमी झाले की माझी नजर पंप शोधायला लागते.

तीन कामं अशी आहेत की ती झालीयेत का हे विचारल्याशिवाय पुढे जाऊच नका: रॉड बेरिंग (पिस्टनचा रॉड इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याला, म्हणजे क्रँकला, जोडतो तिथलं), थ्रॉटल ॲक्च्युएटर, एसएमजीचा हायड्रॉलिक पंप. ॲक्च्युएटर, म्हणजे थ्रॉटल उघडणाऱ्या मोटरी, दोन असतात, आतले प्लॅस्टिकचे गिअर झिजले की गाडी एकदम ताकद कमी करून घेते आणि रस्त्यात तुम्ही ट्रकच्या मागे रांगत राहता. पंप गेला तर गिअरच पडत नाही, कारण क्लच आणि गिअर दोन्ही त्याच्या दाबावर चालतात. व्हॅनोसची (व्हॉल्व्हचं टायमिंग बदलणारी यंत्रणा) हाय प्रेशर लाइनही बघून घ्या.

मी घेतली तेव्हा गाडीच्या किमतीच्या एक तृतीयांश पैसे वेगळे काढून ठेवले होते. पहिल्या दीड वर्षात त्यातले निम्म्याहून जास्त गेले, आणि ते ठरवून गेले, म्हणून आज गाडीवर प्रेम टिकून आहे.

साधी_सेडान:
मी वेगळा अनुभव सांगतो. माझी गाडी दुसऱ्याच कंपनीची होती, नाव घेत नाही, ट्विन टर्बो व्ही८ आणि चारी बाजूंना एअर सस्पेन्शन. घेतली तेव्हा चकाचक. दोन महिन्यांनी सकाळी खाली आलो तर डावीकडचं पुढचं चाक मडगार्डच्या आत गेलेलं, गाडी एका गुडघ्यावर बसल्यासारखी. सुरू केली, कॉम्प्रेसर घरघरला, मिनिटाभरात गाडी उभी राहिली आणि मी निघालो. अशीच मी तीन आठवडे चालवली कारण त्या महिन्यात पैसे नव्हते. स्ट्रटमधून (चाकावरचा हवेचा शॉक ॲब्सॉर्बर) हवा गळत होती, ती भरून काढायला कॉम्प्रेसर सारखा चालत राहिला आणि शेवटी जळला. एका कामाची दोन कामं झाली, ती पण माझ्याच उशिरामुळे.

तेव्हा बायकोने एकच प्रश्न विचारला, उद्या मुलाला डॉक्टरकडे न्यायचं झालं तर कशाने न्यायचं? त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. म्हणून लांबपल्ला दादा, हॅचबॅक विकू नका. एम५ घ्या किंवा घेऊ नका पण हॅचबॅक विकू नका. आणि फक्त मोठी आरामशीर गाडी हवी असेल तर हीच बॉडी ५३०आय मध्ये मिळते, सहा सिलिंडरचं सरळ इंजिन, साधा ऑटोमॅटिक, ट्रॅफिकमध्ये कुरकुर नाही. मी शेवटी तशीच एक घेतली आणि समाधानी आहे.

स्पॅनर:
गॅरेजमध्ये काम करतो, या इंजिनचं बेरिंगचं काम स्वतः केलंय, म्हणून तेवढ्यावरच बोलतो.

"वाजत नाही म्हणजे चांगली" हे वाक्य डोक्यातून काढून टाका. बेरिंग वाजायला लागतं तेव्हा बहुतेक वेळा क्रँकला मार बसून गेलेला असतो, मग बेरिंग बदलून भागत नाही, इंजिनच खोलावं लागतं. शेल म्हणजे बेरिंगची अर्धगोल पातळ पट्टी, प्रत्येक रॉडला दोन, म्हणजे एकूण वीस. चांगलं शेल हातात घेतलं तर राखाडी दिसतं, सगळीकडे एकसारखं, चमक नसलेलं. झिजलं की मधला पट्टा आधी चकचकीत होतो आणि आणखी झिजलं की खालून तांबूस रंग वर येतो. एकाच इंजिनमधून काढलेली वीसच्या वीस शेलं फडक्यावर ओळीने मांडली तर काही नव्यासारखी असतात आणि एखाद्या जोडीचा तांबूस पट्टा लांबूनही दिसतो. बाहेरून गाडी चालवून कुणालाही हे कळणार नाही, मला पण नाही.

कारणावर लोक अजून भांडतात. रॉड आणि क्रँकच्या मधली फट कमी आणि तेल १०डब्ल्यू-६० म्हणजे गार असताना बऱ्यापैकी घट्ट, त्यात गार इंजिन कुणी ८ हजारावर नेलं की तिथे तेलाची फिल्म टिकत नाही, मला तरी हेच पटतं. कंपनीने म्हणूनच टॅकोमीटरच्या, म्हणजे आरपीएम मीटरच्या, कडेला ते दिवे दिलेत, तेल गार असताना खालपर्यंत पेटलेले असतात आणि तापत जाईल तसे एकेक करून विझत वर सरकतात. आधीचे दोन मालक ते दिवे बघत होते का हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर फाइलमध्ये अर्धंच मिळतं.

बरं, हे काम इंजिन बाहेर न काढता होतं. इंजिन वरून धरून ठेवायचं, सबफ्रेम (इंजिनखालची चौकट) खाली घ्यायची, ऑइल पॅन (तळाचं तेलाचं भांडं) काढायचा. काम मोठं आहे पण नव्या इंजिनच्या तुलनेत काहीच नाही. माझं मत स्पष्ट आहे, बदलल्याचं बिल नसेल तर बदललेली नाहीत असंच धरा आणि तो खर्च किमतीतून कमी करून मागा.

त्याआधी तेलाचा नमुना काढून लॅबला पाठवा. २००७ च्या शेलवर शिशाचा थर आहे, त्याच्याखाली तांबं, रिपोर्टमध्ये शिसं वाढलेलं दिसलं की झीज सुरू झाली आणि त्याच्या जोडीला तांबंही चढलं की बरीच पुढे गेली. पण एक ध्यानात ठेवा, तेल नुकतंच बदललेलं असेल तर रिपोर्ट छान येणारच, त्याला काही अर्थ नाही, निदान काही हजार किमी चाललेलं तेल हवं.

इंजिन पूर्ण गार असताना सुरू करून बघा, पोचल्याबरोबर बॉनेटवर हात ठेवा. आणि हो, लोहचुंबक घेऊन पुट्टी शोधायला जाऊ नका, ई६० चं बॉनेट आणि पुढचे फेंडर ॲल्युमिनियमचे आहेत, चुंबक तिथे चिकटणारच नाही आणि तुम्ही उगाच घाबराल. ॲल्युमिनियम वाचणारं पेंट मीटर लागतं.

दहा_सिलिंडर:
स्पॅनर भाऊंनी लाखमोलाचं लिहिलंय. ट्रॅफिकबद्दल एक राहिलं. एसएमजी हा ऑटोमॅटिक नाही, आत साधा एकच क्लच आहे, फक्त तो मशीन दाबतं. चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवलीत किंवा रांगेत इंच इंच पुढे घेत बसलात की क्लच जळतो. गिअर बदलताना पाय जरासा उचलायची सवय लागली की छान चालतो, पण रोज ४० किमी ट्रॅफिक असेल तर मी याच एका कारणासाठी नको म्हणेन. माझी फक्त शनिवार-रविवारी निघते.

लांबपल्ला:
सगळ्यांचे मनापासून आभार, तुमचं लिहिलेलं प्रिंट काढून नेलं होतं आज. जे झालं ते सांगतो.

सकाळी साडेसातला येतो म्हणून कळवलं होतं, पोचलो तर बॉनेट कोमट. म्हणाला, जरा पुढे-मागे करायला लागली. ठीक आहे म्हटलं. मग टायर बघितले. मागचे दोन एका कंपनीचे, पुढचे दोन दोन वेगळ्या कंपन्यांचे, त्यातल्या एकावर तारखेचा आकडा १४१२, म्हणजे २०१२ च्या चौदाव्या आठवड्यातला. एवढ्या ताकदीच्या गाडीला ज्याने असा टायर ठेवला त्याने न दिसणाऱ्या जागी काय केलं असेल हा विचार डोक्यातून जाईना. तेलाचा नमुना मागितला तर म्हणाला गेल्याच आठवड्यात तेल बदललं, बिल विचारलं तर ओळखीच्या माणसाकडून करून घेतलं म्हणे. पहिली २,००० किमीची रनिंग-इन सर्व्हिस झाल्याची नोंदही पुस्तिकेत नाहीये.

बेरिंगचा खर्च किमतीतून कमी करा म्हटलं, तर उद्या दुसरं गिऱ्हाईक येतंय, आजच सांगा असं उत्तर मिळालं. मी नाही म्हणून निघून आलो. खोटं कशाला बोलू, फार वाईट वाटलं, निघताना त्याने गाडी आत लावली तेव्हा परत तो आवाज ऐकला.

पण परतल्यावर बायकोशी बोललो आणि दोन गोष्टी पक्क्या झाल्या. हॅचबॅक राहणार, ऑफिसला तीच जाणार. आणि एम५ घेतली तर किमतीच्या एक तृतीयांश पैसे आधी वेगळ्या खात्यात, ते जमत नसतील तर वर्षभर थांबायचं. संध्याकाळी दुसरी एक दिसली, २००८ ची, १,५२,००० किमी. आकडा बघून आधी मी पुढे गेलो होतो मग परत आलो, कारण मालकाने फाइलचे फोटो टाकलेत, जाडजूड फाइल, बेरिंग १,१०,००० ला बदललीत, काढलेल्या जुन्या शेलांच्या फोटोसकट. १,५२,००० ला घाबरावं का?

स्पॅनर:
मी तरी पहिलीच्या आधी ही बघायला जाईन. जुन्या शेलांचे फोटो ठेवणारा मालक बाकीची कामंही लिहून ठेवतो. दोन्ही चाव्या मागा, चावीतही किमी साठवलेले असतात, रीडर असलेल्या ठिकाणी वाचून मीटरशी जुळवा. स्कॅनरने क्लचची झीज बघा आणि फॉल्ट कोड नुकतेच पुसलेत का तेही. शेवटचं तेल कधी बदललं ते आत्ताच विचारून घ्या.

लांबपल्ला:
विचारलं. ४,३०० किमी झालेत त्या तेलाला, नमुना काढायला त्याची हरकत नाही. रविवारी सकाळी सातला बोलावलंय, आणि मी काही सांगायच्या आधी स्वतःच म्हणाला की शनिवारी दुपारनंतर गाडी सुरू करणार नाही, तुम्ही येऊन गारच सुरू करा.

दहा_सिलिंडर:
मग टॉर्च आणि रिकामी बाटली घेऊन जा. आणि रविवारी संध्याकाळी इथे लिहा, मी वाट बघतोय.