दिवाळीच्या आवराआवरीत निघालेलं इलेक्ट्रॉनिक भंगार कुठे द्यायचं? (पुणे)

कोथरूडची_चिमणी:
जुन्या साड्या बोहारणीला गेल्या, रद्दी गेली, पण एक खोकं अजून गॅलरीत पडलंय. बंद पडलेल्या लायटिंगच्या माळा, सीएफएल बल्ब, सासऱ्यांचा लॅपटॉप, दोन मोबाईल (एक पाठीमागून फुगलाय) आणि शेजारी जुना डबा टीव्ही. भंगारवाला टीव्हीला हातच लावत नाही आणि कचरा न्यायला येणाऱ्या ताई म्हणतात सुक्यात टाकू नका, मग द्यायचं कुठे? लॅपटॉपमधे बँकेचे कागद आहेत त्याचं काय करू?

वायरमन७७:
बाकीचं राहूदे, तो फुगलेला फोन आधी खोक्यातून बाहेर काढा!! चार्जिंगला लावू नका, दाबू नका. कुंडीत कोरडी वाळू घालून त्यात ठेवा, उन्हात नको. कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली की लिथियमची बॅटरी पेटते.

नाना_पेठेतले:
टीव्हीच्या पिक्चर ट्यूबच्या काचेत शिसं असतं, ती काच कुणी विकत घेत नाही म्हणून तो नको म्हणतो. आणि घेतला तरी तांब्याची कॉइल काढून काच कुठेतरी ओढ्याकाठी. माळांचं पण तेच, वायर जाळून तांबं काढतात आणि तो पीव्हीसीचा धूर आपल्याच नाकात. नवीन ई-कचरा नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत, रिसायकलिंगची जबाबदारी कंपन्यांवर टाकलीय, तेव्हा ब्रँडच्या वेबसाइटवर जुना माल परत घेतात का ते बघा. नाहीतर 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेकडे विचारा, ते ई-कचरा पण गोळा करतात. पैसे मिळतील ही आशा सोडा.

मीनल_के:
नुसतं डिलीट करून फाइली जात नाहीत हो. लॅपटॉप खोलून हार्ड डिस्क काढून घरी ठेवा, चार स्क्रूचं काम असतं, कुठलाही रिपेअरवाला करून देईल. चालू फोन कुणाला देणार असाल तर आधी गूगल अकाउंट काढा मग रीसेट, नाहीतर घेणारा तुमचा पासवर्ड मागत बसेल.

नाना_पेठेतले:
हां आणि सीएफएल फोडू नका, आत पारा असतो. वेगळ्या खोक्यात, कागदात गुंडाळून द्या.

कोथरूडची_चिमणी:
फोन वाळूत ठेवला, 'स्वच्छ'ला उद्या फोन करते. टीव्ही तिसऱ्या मजल्यावरून खाली कोण नेणार हा प्रश्न आहेच, लिफ्ट नाहीये आमच्याकडे 😅