वॅटपेक्षा फेन्स आणि ब्लेडचं भोक बघा

कुठली टेबल सॉ (टेबलात बसवलेली गोल करवत) घ्यावी या प्रश्नावर वर दोघा-तिघांनी २००० वॅटच्या खालची बघूच नका असं लिहिलंय. १८ मिमी प्लाय आणि अधूनमधून सागाची फळी एवढंच काम असेल तर मला हे पटत नाही. १५०० वॅटची मशीनही ते करते, साग जरा सावकाश सरकवायचा इतकंच. पैसे फेन्सवर, म्हणजे लाकूड जिला टेकवून सरळ सरकवतात त्या पट्टीवर घाला. दुकानात ती लॉक करून मागचं टोक हाताने ढकलून बघा. हललं तर किंमतही विचारू नका.

ब्लेडच्या भोकाचा, म्हणजे मशीनचा दांडा ज्यात बसतो त्याचा विषय मात्र अजून कुणी काढला नाही. अमेरिकन धर्तीच्या मशीनला ५/८ इंच म्हणजे १५.८८ मिमीचं भोक लागतं, युरोपीय धर्तीच्यांना बहुधा ३० मिमी, आणि आपल्या बाजारात २५.४ मिमीची ब्लेडंही सर्रास मिळतात. मोठं भोक बुश (आत बसवायची कडी) घालून लहान करता येतं. नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतीत कुणीही लेथवाला काढून देईल. फक्त बुश ब्लेडच्या पत्र्यापेक्षा जाड नको, नाहीतर फ्लँज (ब्लेड दोन्ही बाजूंनी दाबून धरणाऱ्या चकत्या) नीट आवळत नाही. लहान भोक मोठं करायच्या फंदात पडू नका.

ब्लेड घेताना रायव्हिंग नाइफवर, म्हणजे ब्लेडच्या मागे कापलेली फट उघडी ठेवणाऱ्या पातीवर कोरलेली जाडीही वाचा. नाइफ पत्र्यापेक्षा जाड आणि दातांच्या कापाच्या रुंदीपेक्षा बारीक हवी. २.२ मिमीच्या नाइफला २ मिमी काप घेणारं ब्लेड लावलं की फळी मागे अडकते, मग लोक वैतागून नाइफच काढून ठेवतात. फळी उलटी अंगावर येते ती बहुतेक अशाच मशीनवर.