मदत हवी आहे : फेलोशिपच्या यादीत माझा आधार नंबर उघडा पडलाय

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यात, आर्णी तालुक्यातल्या एका खेड्यात राहते, पीएचडी करतेय. एका विद्यापीठाच्या फेलोशिपच्या यादीत नाव आलं, घरी पेढे वाटले. मग सेतू केंद्रातल्या दादानं गुगलवर माझं नाव टाकलं, तर अख्खी पीडीएफ समोर! जात, मोबाइल, बँक खातं, पूर्ण १२ आकडी आधार. माझंच नाही, सगळ्यांचं.

दोन दिवसांत 'पैसे अडकलेत, ओटीपी सांगा' असे फोन सुरू झाले. एक तर बाबांनीच उचलला. कापसाच्या काट्यावर दोनदा आकडा बघणारा माणूस, म्हणून वाचलो.

एम-आधार ॲपवर बायोमेट्रिक, म्हणजे बोटांचे ठसे वगैरे, लॉक केलंय. आधार कायदा २०१६ चं कलम २९ वाचलं, असा नंबर जाहीर लावता येत नाही. विभागात विचारलं तर म्हणे, 'पारदर्शकतेसाठी टाकलंय मॅडम.' त्याला नाव आणि अर्ज क्रमांक पुरत नाही का?

आता लेखी तक्रार कुलसचिवांकडे करू की थेट सायबर पोलिसांकडे? यादी काढली तरी गुगलवर जुनी प्रत दिसते म्हणतात, ती कशी हटवायची? खातं बदलावं का? पहिला हप्ता यायचाय, तक्रारीमुळे फाईल अडकेल ही भीती आहेच. बाकीच्यांना सोबत घेऊन अर्ज द्यावा म्हटलं, तर त्यांचे नंबर त्याच पीडीएफमधून घ्यावे लागतील, तेही बरं वाटत नाही.

कुणी असं निस्तरलं असेल तर सांगा.