इलेक्ट्रिक गाडीची १२ व्होल्टची बॅटरी सारखी उतरते, मदत हवी आहे

मंडळी नमस्कार,
गाडी पूर्ण इलेक्ट्रिक आहे. बेसमेंटमध्ये पाच-सहा दिवस उभी राहिली की १२ व्होल्टची छोटी बॅटरी पार बसते. रिमोट चालत नाही, स्क्रीन काळी, दार किल्लीनेच उघडावं लागतं. मोठ्या बॅटरीत ७०-८० टक्के चार्ज असतो, पण काय उपयोग? तिला गाडीशी जोडणारे काँटॅक्टर (विजेवर चालणारे मोठे स्विच) या छोटीच्याच जोरावर ओढले जातात.

सर्व्हिस सेंटरने नवीन ३५ एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता) बसवून बिल हातात दिलं. महिनाभरात पुन्हा तेच. आता सल्ला असा की रोज चालवत जा. मी घरून काम करतो, रोज कुठे नेऊ, कोथिंबीर आणायला?

मीटरने पाहिलेलं: गाडी 'रेडी' केली की टर्मिनलवर १४.२ व्होल्ट, म्हणजे डीसी-डीसी कन्व्हर्टर (मोठ्या बॅटरीतून छोटीला वीज देणारा) चार्ज करतोय. दोन दिवस उभी राहिल्यावर १२.३. टर्मिनल घट्ट, पांढरी भुकटी नाही. पूर्ण चार्ज करून केबल काढून ठेवली तर आठवड्यानेही १२.७. मग करंट खातंय कोण? मोजायला बॉनेट उघडलं की गाडी जागी होते, आतली इलेक्ट्रॉनिक युनिट्स चालू होतात आणि मीटर भलतंच दाखवतो. बाहेरून लावलेला फक्त डॅशकॅम आहे. जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद:
केबल काढल्यावर १२.७ टिकतंय, म्हणजे बॅटरी स्वतःहून उतरत नाहीये. आधी गाडीला झोपू द्या. बॉनेट उघडं ठेवून त्याचं लॅच स्क्रूड्रायव्हरने दाबून बंद करा, गाडीला वाटतं बॉनेट लागलं. लॉक करा, किल्ली लांब ठेवा, अर्धा तास थांबा. मग फ्यूज न उपसता प्रत्येकाच्या डोक्यावरच्या दोन उघड्या टोकांवर मिलिव्होल्ट मोजा. जिथे शून्य येत नाही, तिथून करंट जातोय. उपसत बसलात तर एखादं युनिट जागं होतं आणि पुन्हा अर्धा तास गेला. क्लॅम्प मीटर आणलात तर डीसीचा आणा, साधा फक्त एसी मोजतो. झोपलेल्या गाडीत साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत हवं. ३०० निघाले तर दिवसाला ७.२ एएच, ३५ ची बॅटरी पाच दिवसांत रिकामी. तुमचा हिशेब इथेच बसतोय. नारिंगी केबलला मात्र हात नको, ती मोठ्या बॅटरीची हाय व्होल्टेज असते.

दुसरा प्रतिसाद:
डॅशकॅमचा पार्किंग मोड (गाडी उभी असतानाही रेकॉर्डिंग) चालू आहे का? ॲक्सेसरीवाले बिनदिक्कत कायम चालू असलेल्या फ्यूजवर वायर मारतात.

धागाकर्ता:
दादा, तोच निघाला! झोपलेल्या गाडीत ०.२९ अँपिअर, डॅशकॅमची वायर काढताच ०.०२. त्याला फ्यूजबॉक्समधून वीज देणाऱ्या हार्डवायर किटचं कट-ऑफ (ज्या व्होल्टेजला ते कॅमेरा बंद करतं) ११.८ वर होतं, म्हणजे बॅटरी जवळपास रिकामी होईपर्यंत कॅमेरा चालूच. किटवर १२.४ ची सेटिंग दिसतेय. ती ठेवू की पार्किंग मोडच बंद करू?

पहिला प्रतिसाद:
१२.४ ठेवा. गावाला जाताना डॅशकॅमचा प्लग काढा. आणि ही बॅटरी इतक्या वेळा तळाला गेलीय, तेव्हा एकदा लोड टेस्ट (भार देऊन बॅटरी तपासणं) करून घ्याच, नुसत्या व्होल्टेजवर विसंबू नका.