पेनहोल्ड बॅटचं हँडल बोचतंय: नवीन घेऊ की आहे तेच घासू?

विश्रामबागची_खेळाडू

नमस्कार मंडळी,

सांगलीत राहते, वय 43, संध्याकाळी कॉलनीच्या हॉलमध्ये टेबल टेनिस खेळते. स्पर्धा वगैरे नाही, पण हरायला आवडत नाही.

मी पेनहोल्ड धरते, म्हणजे बॅट पेनासारखी अंगठा-तर्जनीत. कुणी शिकवलं नाही, मोठा भाऊ तशी धरायचा म्हणून मीही. इतकी वर्षं साध्या शेकहँड (हात मिळवल्यासारखी धरायच्या) बॅटवरच तशी पकड घेऊन खेळले, लांब दांडी मनगटावर आपटायची ती सवयीची झाली होती. गेल्या दिवाळीत पहिल्यांदा खरी चिनी पेनहोल्ड बॅट घेतली, दोन्ही बाजूंना रबर लावलेली. दुकानदाराने सीलबंद पाकीट उघडून हातातसुद्धा धरू दिली नाही. "हीच चालते सगळ्यांना."

मला चालत नाहीये. तर्जनीच्या मधल्या सांध्याला आतल्या बाजूने घट्टा पडलाय, पोळ्या लाटताना लाटणं नेमकं तिथेच लागतं. अंगठा आणि तर्जनीच्या बेचकीत हँडल रुततं. तीन-चार गेम झाले की मूठ इतकी आवळली जाते की सर्व्हिसला मनगट फिरतच नाही.

माझे हात लहान आहेत. बारीक हँडलची बॅट शोधू का? जपानी, कॉर्कचं हँडल असलेली कशी असते? की ग्रिप टेप गुंडाळू? घरच्यांचा सल्ला विचारू नका, ते म्हणतात कॅरम खेळ.

---

शेकहँडवाला_जत

शेकहँड शिका. आजकाल पेनहोल्ड कोण खेळतं? सहा महिने त्रास होईल, मग आयुष्यभर आराम.

---

कृष्णाकाठचा_ब्लॉकर

जतकर, फेलिक्स लेब्रन पेनहोल्ड खेळतो. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याने एकेरीचं ब्राँझ घेतलं, आणि तो फ्रान्सचा आहे, चीनचासुद्धा नाही. जर्मनीचा डांग च्यू पेनहोल्डवरच 2022 ला युरोपचा विजेता झाला. तर ते एक असो.

आता ताई, तुमच्याकडे वळतो. मी इथल्या एका कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये सुतारकामाच्या सेक्शनला होतो, आता रिटायर. पेनहोल्ड पहिल्यापासून. त्यामुळे लाकूड आणि घट्टे या दोन विषयांवर मला बोलू द्या.

घट्टा कुठं पडलाय त्यावरून माणूस काय खेळतो ते कळतं. तर्जनीच्या सांध्याला असेल तर तुम्ही बॅकहँडला नुसता ब्लॉक करता आणि मागच्या रबराला कामच देत नाही. पैज लावतो. पेनहोल्डच्या ब्लॉकला जोर तर्जनीचा, अंगठा सैल. मागच्या रबराने टॉपस्पिन मारायचा, म्हणजे चीनचा वांग हाओ मारायचा तसा, तर उलटं: अंगठा दाबायचा, तर्जनी सोडायची. तसं खेळणाऱ्यांचा अंगठा बघा, तिथं कातडं जाड झालेलं सापडेल.

म्हणजे झालं काय, की जे रबर तुम्ही वापरत नाही त्याचं वजन रोज उचलताय. कापून चिकटवलेलं एक रबर 40 ते 50 ग्रॅम भरतं. त्यात पेनहोल्डची दांडी आखूड. शेकहँडची 10 सेंटीमीटरच्या आसपास असते, चिनीची 8 ते साडेआठ. मागं तोलायला काही नाही, सगळा भार पुढं. बॅट पुढं झुकते, ती सावरायला तुम्ही मूठ आवळता, मूठ आवळली की हँडल बेचकीत घुसतं. बारीक हँडल आणून हे जाणार नाही. मागचं रबर काढा, किंवा ठेवायचंच तर पातळ स्पंजचं (रबराखालचा मऊ थर) हलकं लावा आणि त्याने मारायला शिका.

लहान हाताला बारीक हँडल, असं सगळे सांगतात. मला पटत नाही. बारीक हँडल बेचकीत फिरतं, आणि फिरणारी वस्तू माणूस जास्तच घट्ट धरतो. फार जाड असलं तर बोटं पुढं पोचत नाहीत, हेही खरं. हातातच बघायचं. बॅट नेहमीसारखी धरा, मागची तीन बोटं पूर्ण उचला आणि अंगठा-तर्जनी सैल करा. बॅट थोडी लोंबेल, लोंबू दे. पण स्वतःभोवती फिरायला लागली तर हँडल तुम्हाला बारीक आहे. मग परत धरा आणि पुढच्या बाजूला अंगठा-तर्जनीच्या टोकांत किती जागा राहते ते बघा. बोटभर अंतर हवं. टोकं भिडत असतील तर तुम्ही फार खोल धरताय. फार लांब राहत असतील तर हँडल जाड आहे किंवा बॅटचे खांदे आडवे येतायत.

आणि नव्वद टक्के दुखणं या खांद्यांचंच असतं. ब्लेड, म्हणजे बॅटची लाकडी फळी, संपून दांडी सुरू होते तिथल्या दोन्ही बाजूंच्या कडा. कंपनी त्या जवळजवळ काटकोनातच सोडते, कारण कुणाचं बोट कुठं बसणार हे तिला माहीत नसतं. जगभरचे पेनहोल्डवाले त्या घासून घेतात. तुमची तर्जनी आकड्यासारखी त्या कडेवर लटकतेय आणि कड सांध्याला खातेय.

घासायच्या आधी खडू आणा, साधा फळ्यावरचा. दोन्ही खांद्यांना आणि हँडलला चोळा आणि एक गेम खेळा. जिथला खडू पुसला गेला तिथंच बोट बसतं. तिथं पेन्सिलीने खूण करा. मग 180 नंबरचा काचपेपर पेन्सिलीवर गुंडाळून त्या खुणेपुरतीच कड गोल करायची, शेवटी 320 ने हात फिरवायचा. तर्जनीच्या बाजूला जास्त, अंगठ्याच्या बाजूला नुसती धार मोडायची, कारण तुमचा अंगठा तिथं टेकतो फक्त. चार हात मारले की धरून बघा. लाकूड काढता येतं, लावता येत नाही. ब्लेडच्या सपाट बाजूला काचपेपर लागू देऊ नका, तिथं चिकटपट्टी मारून ठेवा.

अजून एक. रेडिमेड बॅटला रबर पार हँडलपर्यंत चिकटवलेलं असतं, त्यामुळे बोट लाकडावर न बसता स्पंजच्या कडेवर बसतं. तेवढा भाग उघडा ठेवायला नियमात परवानगी आहे: हँडलजवळचा, बोटांनी धरला जाणारा. सेंटीमीटरभर वर कापून घ्या. कुणी पंच आडवा आला तर त्याला नियमावली दाखवा.

ग्रिप टेप नको. घामाने सरकते, आणि कड आहे तिथंच राहते.

---

पोवईनाका_जपान

साताऱ्याहून. मी जपानी बॅटवाला, म्हणून थोडी दुसरी बाजू.

विश्रामबागताई, तुम्ही ब्लॉक आणि फोरहँडवरच खेळत असाल तर जपानी बॅट तुमच्यासाठीच केलीय असं समजा. रबर एकाच बाजूला. चांगल्या असतात त्या हिनोकी लाकडाच्या, म्हणजे जपानी सायप्रस, बऱ्याचदा अख्ख्या एका फळीतून काढलेल्या, 9-10 मिलिमीटर जाड. हँडलवर कॉर्कचा उंच उठाव असतो, तर्जनी त्याला वेटाळून बसते. बोटाला कड म्हणून लागत नाही. शिवाय कॉर्क चाकूने कोरता येतो. मी माझा तर्जनीच्या मापाने कोरून घेतलाय, डोळे मिटून धरली तरी बोट जागेवर जातं.

अथेन्स 2004 ऑलिंपिकचा पुरुष एकेरीचा अंतिम सामना कुठे मिळाला तर बघा. दोघंही पेनहोल्ड. कोरियाच्या रयू सुंग-मिनकडे कॉर्कवाली, एका रबराची. समोर वांग हाओ, चिनी हँडल, दोन्ही बाजूंनी मारणारा. रयू 4-2 ने जिंकला.

एकच काळजी घ्या: मागची बाजू रबराविना असली तरी तिला रंग हवा. पुढचं रबर काळं असेल तर मागे लाल वगैरे भडक, पुढचं लाल असेल तर मागे काळा. आणि त्या बाजूने मुद्दाम चेंडू मारला तर गुण समोरच्याला.

---

कृष्णाकाठचा_ब्लॉकर

पोवईनाका, त्या सामन्यात रयूची बॅट बघितलीत, पाय बघितलेत का? बॅकहँडचा अख्खा कोपरा पळत जाऊन फोरहँडने मारत होता. 43 व्या वर्षी कॉलनीच्या हॉलमध्ये, जिथं टेबलामागं दोन पावलांवर भिंत असणार, तिथं ते कसं करायचं? 2008 ला बीजिंग ऑलिंपिकमध्ये चीनच्याच मा लिनने याच वांग हाओला हरवून सुवर्ण घेतलं ते चिनी हँडलवर.

कॉर्क बोटाला मऊ लागतो हे मात्र कबूल. पण पैसे घालायच्या आधी 180 चा काचपेपर. तो दहा रुपयांत येतो.

---

मिरजेचा_तंबोरा

आमच्याकडे तंबोरे-सतारी बनतात, टेबल टेनिसचं मला काही कळत नाही, लेक खेळतो म्हणून धागा वाचतोय. पण लाकूड घासून उघडं ठेवू नका एवढं सांगायला आलो. घाम आणि पावसाळी हवा दोन्ही त्यात मुरतं, रेषा उठतात आणि घासलेली जागा महिनाभरात काळी-खरखरीत होते.

चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून पातळ करा, कापडाच्या बोळ्याने एकच हात द्या, वाळू द्या, जुन्या 320 ने हलकं पुसा, परत एक हात. फक्त घासलेल्या कडेला. दांडीला लावू नका, घामाचा हात घसरेल. हार्डवेअरच्या दुकानात तयार फ्रेंच पॉलिश मिळतं तेही चालेल, पण पातळ करूनच.

आणि धूळ ब्रशने झाडा, ओल्या फडक्याने पुसू नका.

---

फिजिओ_इस्लामपूर

घट्टा हा आजार नाही, कातडीने केलेली सोय आहे. त्याची काळजी करू नका, ब्लेडने कापूही नका.

एक विचारते: कपडे पिळताना किंवा कुलूप उघडताना मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला कळ येते का? तशी कळ असेल तर ते अंगठ्याच्या कंडरांचं (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांचं) दुखणं असू शकतं, बॅट घासून जाणार नाही. आठवडाभर खेळ बंद ठेवा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. नुसतं बेचकीत रुतत असेल तर ब्लॉकरकाकांचं ऐका.

---

विश्रामबागची_खेळाडू

काका, पैज जिंकलात. मागचं रबर अजून नव्यासारखं चकचकीत आहे, त्याच्यावर कंपनीचं नावसुद्धा पुसलेलं नाही 😀

मनगटात कळ नाही, कपडे पिळून बघितले.

खडू काल लावला. तर्जनीच्या बाजूला खांद्यावरचा पुसला गेलाच, पण हँडलच्या मागच्या अंगालासुद्धा एक पट्टा साफ झालाय, साधारण जिथं मधलं बोट येतं तिथं. ते कशामुळे? आणि मागचं रबर काढताना लाकडाची साल निघेल अशी भीती वाटते. यूट्यूबवर एकाचं तसं झालेलं बघितलं.

---

कृष्णाकाठचा_ब्लॉकर

मधलं बोट हँडलला टेकत असेल तर मागची बोटं फार दुमडली जातायत. मधलं बोट थोडं पुढं, ब्लेडच्या मागच्या बाजूवर टेकवा, बोटाची कड लागली पाहिजे. बाकीची दोन त्याच्यावर रचून ठेवा. ब्लॉकला मागून आधार मिळाला की तर्जनीवरचा निम्मा ताण तिथंच कमी होतो. मागं रबर नसलं की हे बोट लाकडावर बसतं, अजून बरं.

रबर हँडलकडच्या एका कोपऱ्यातून सुरू करा आणि लाकडाला लागून, सावकाश गुंडाळत न्या. सरळ वर ओढलं की साल येते. कुठं अडलं तर तिथं सोडा आणि समोरच्या कोपऱ्यातून या. रेडिमेड बॅटचा गोंद कडक असतो, केस वाळवायच्या ड्रायरने लांबून थोडी ऊब दिली तर सुटतो. एकाच जागी धरून ठेवू नका.

काढल्यावर ती बाजू रंगवायला विसरू नका, पुढचं रबर कोणत्या रंगाचं ते आधी बघा. आणि मिरजकर, तुमचा चपडा कुठल्या दुकानातून आणता ते इथं लिहा. माझा संपत आलाय.